साहेबाने वाळूत काढलेला मासा

आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंत, त्यात आता हात कापतो. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, आणि अक्षर म्हणजे वाळूतून खेकडे पळाल्यासारखं. नात म्हणाली, "दादी, जस्ट राइट, आय विल टाइप." तिला बजावलंय, नाव घालू नकोस... चार बायकांत बोलतानासुद्धा मला घाम फुटतो.

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. रत्नागिरीकडच्या आमच्या गावात प्रत्येक विहिरीला एक भूत नेमून दिलेलं होतं. मी सगळ्या विहिरींचं पाणी भरलं, पण एकानेही कधी घागर उचलून दिली नाही!

आता मी मुलाकडे शारजात, अल नहदाच्या टॉवरमध्ये राहते. पण ही गोष्ट साठच्या दशकातली, खोरफक्कानची; शारजाचंच गाव, पण डोंगरापलीकडच्या किनाऱ्यावरचं. तेव्हा तिथे धड रस्ता नव्हता, लाँचनेच जायचं. खजुराच्या झावळ्यांचं घर, पुढे वाळूचं अंगण, अंगणापुढे समुद्र. आमचे हे होडी घेऊन मासे धरायचे. होडी घेतली ती माझ्या मोठ्या बहिणीने, आपाने, बांगड्या विकून दिलेल्या पैशांवर. आपा एवढंच म्हणाली होती, "माझ्या शमीमच्या निकाहआधी परत दे म्हणजे झालं."

निकाह जवळ आला आणि जाळ्यात यायची ती बारकी तारली. हे चेष्टा करायचे, "शमीमला तारल्यांच्याच बांगड्या घालू." बोलायचे हसून, पण ताटात भात तसाच राहायचा.

एका दुपारी पडद्याआडून बघते तर अंगणात एक गोरा माणूस, जेमतेम विशीतला. ओलाचिंब, अनवाणी, ओठ मिठाने पांढरे. मी परक्या पुरुषापुढे जाणारी नव्हे. पडद्याखालून पाण्याचा तांब्या सरकवला. तो प्यायला, वाळूत बसला आणि बोटाने चित्र काढायला लागला. एक लांबट मासा, पाठीवर उंचवटा. वर डोंगर. मग माशावर बोट ठेवी, स्वतःच्या छातीवर ठेवी, आणि पडद्याकडे बघत बसे.

मासेवाल्याची बायको मी — मला वाटलं, साहेब भुकेला आहे, मासा मागतोय! मोरी माशाचं कालवण होतं, भातावर घालून ताट सरकवलं. थोड्या वेळाने बघते तर साहेब नाही. ताट रिकामं, आणि त्यात पाणी. म्हटलं, बघा, साहेब असून ताट धुऊन ठेवलं! ते पाणी कोंबड्यांपुढे ठेवलं तर एकीनेही चोच लावली नाही. त्यांनी चित्र विस्कटू नये म्हणून त्यावर टोपली पालथी घातली.

हे आल्यावर सगळं सांगितलं. "मोठं गिऱ्हाईक दिसतंय. हाच मासा पाहिजे त्याला, ह्याच जागेचा."

"अगो, हा मासा आहे का? मोरीने उंट गिळल्यासारखा दिसतोय!" हे पोट धरून हसले. मग चित्रातल्या डोंगरांकडे बघितलं आणि वाळूत उकिडवे बसले.

समुद्रात जागा ओळखायची आमची रीत अशी — इकडचे दोन डोंगर एकामागे एक दिसतील असे धरायचे, तिकडे दोन डोंगरांमधली खिंड धरायची, की जागा पक्की. मला ते डोंगर ओळखता आले नव्हते, कारण अंगणातून ते तसे दिसतच नाहीत. हे म्हणाले, "हे लांब पाण्यातून बघून काढलेत. होडीतून दिसतात त्याहून खालून... डोकं तेवढं पाण्यावर असलं तर दिसतील तसे."

दुसऱ्या दिवशी हे तिथे जाऊन आले. होडी काठापर्यंत भरलेली — सुरमई, नुसती सुरमई! पुढच्या खेपेलाही तेच.

शेजारचे खमीस चाचा म्हातारे, तरुणपणी मुंबईच्या गोदीत काम केलेले. मासे बघायला आले आणि चित्रापाशी थांबले. "बीबी, ये मच्छी नहीं. जहाज है. पानी के नीचे चलनेवाला."

लढाईच्या वेळी इथल्याच समुद्रात जर्मन लोकांचं असं जहाज विमानाने बुडवलं होतं, म्हणाले. सगळे गेले. एकच जण पोहत पोहत खोरफक्कानच्या किनाऱ्याला लागला.

"तोच परत आला असेल," मी पडद्याआडून म्हटलं. माझी मोठीच हिंमत.

"वो तो तब जवान था. बीस साल हो गए. इंग्रेज ले गए उसको, जिंदा." चाचांनी समुद्राकडे हात केला. "लेकिन पानी में उसके साथ एक और था. वो किनारे तक नहीं पहुँचा."

हे हळूच म्हणाले, "आता पोचला."

बुडालेल्या वस्तूभोवती मासे जमतात, हे मला कळतं. पण ती जागा दाखवली कुणी? मुलगा म्हणतो, तेलवाल्या कंपनीचा कुणी असेल. असेलही. पण तो बसला होता तिथली वाळू मग सुकेचना. एवढ्या उन्हात सगळ्या कोंबड्या दुपारभर त्याच ओल्या जागेत पिसं फुगवून बसायच्या, आणि हे म्हणायचे, "साहेबाने ह्यांचीही सोय केली बघ." ह्याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

शमीमच्या निकाहआधी आपाच्या पैशांचा शेवटचा हप्ता रत्नागिरीला निघालेल्या लाँचच्या तांडेलाच्या हातात ठेवून हे घरी आले. आम्ही दोघं अंगणात बघतो तर कोंबड्या उठून झावळ्यांच्या सावलीत गेल्या होत्या. मी वाळूवर हात ठेवला. कोरडी, चटका बसेल इतकी गरम.

आपाचे पैसे फिटले होते, आणि साहेबाने खाल्लेल्या ताटाचेही. सगळे.