रावसाहेबांच्या गव्हासाठी वेगळे दगड

तीस साली आमच्या गावात लागलेला मार्शल लॉ उठला त्याच्या पुढच्या वर्षी, दिवाळी झाल्यावर, शुक्रवार पेठेतली आमची पिठाची गिरणी बंद झाली. जप्ती आली नव्हती, इंजिन बिघडले नव्हते, घरात कुणी आजारी नव्हते. सकाळी वडिलांनी इंजिन सुरू केले, दुपारपर्यंत कुणी दळण घेऊन आले नाही, तेव्हा त्यांनी ते थांबवले. दुसऱ्या दिवशी त्यांनी दार उघडले नाही.

पेठेत याची दोन कारणे सांगत. एक, विजेची गिरणी आली, दुसरे, मंदी. विजेची गिरणी आली हे खरे आणि मंदी होती हेही खरे. पण विजेची गिरणी सुरू झाली त्याच्या आधीच आमची बहुतेक गिऱ्हाइके गेलेली होती, आणि मंदीत माणसे कापड घ्यायची थांबली तरी भाकरी खायची थांबली नव्हती. म्हणून काय घडले ते क्रमाने लिहितो.

वडील पूर्वी एका कापडाच्या मिलमध्ये इंजिनावर होते. ती नोकरी सोडून त्यांनी पेठेत एक गाळा भाड्याने घेतला, तेलावर चालणारे इंजिन आणि दगडांची एक जोडी बसवली. दळण घेणे, मापणे आणि डबे ओळखणे आईकडे होते. मी गावातल्या एका साप्ताहिकाच्या कचेरीत कामाला होतो. सकाळी कचेरीत जाण्याआधी तागडीजवळ बसत असे.

गिऱ्हाईक दोन तऱ्हेचे होते. पेठेतली घरे गहू, डाळ, भाजणी पाठवीत. पंधरवड्यातून, महिन्यातून एकदा. दुसऱ्या, मागच्या वस्तीतल्या बायका. त्या मिलच्या सूतखात्यात कामाला जात. रोजच्या रोज किंवा एकाआड एक दिवस थोडी थोडी ज्वारी आणीत, कारण एकदम घेण्याइतके हातात नसे. सकाळी भोंग्याआधी रॉकेलच्या रिकाम्या डब्यातून ज्वारी ठेवायची, संध्याकाळी परतताना पीठ घेऊन जायचे, घरी पोचल्याबरोबर तवा चढवायचा. गिरणी चालत होती ती या ज्वारीवर. पेठेतल्या घरांचे दळण बंद झाले असते तरी इंजिनाच्या तेलाचा खर्च सुटला असता. ज्वारी बंद झाली असती तर सुटला नसता. ही गोष्ट वडिलांना माहीत होती. त्यांना अभिमान मात्र पेठेतल्या घरांचा होता.

या घरांत एक घर पेन्शनर मामलेदारांचे होते. त्यांना सगळे रावसाहेब म्हणत. त्यांचे दळण गडी आणी, पण बहुतेक वेळा मागोमाग रावसाहेब स्वतः येत आणि दारातल्या बाकावर काठी टेकून बसत.

त्यांची पहिली मागणी वाजवी होती. दगडांमध्ये आधीच्या दळणाचे थोडे पीठ राहतेच. ते पुढच्याच्या पिठात उतरते. नैवेद्याचा गहू ज्वारीमागून टाकला तर तो सोवळ्यात चालत नाही. त्यामुळे सोवळ्याच्या घरांसाठी आम्ही आधी आमचा थोडा गहू घालून दगड साफ करून घेत असू. रावसाहेबांनी ते प्रत्येक दळणाला मागितले. वडील हो म्हणाले. तो साफ करण्याचा गहू आमच्या घरातला, आणि त्यातून निघालेले ज्वारी मिसळलेले पीठ आम्ही खात असू.

दुसरी मागणी अशी की ज्या दिवशी त्यांचे दळण असेल त्या दिवशी पहिला नंबर त्यांचा. रात्रभर थंड राहिलेल्या दगडांवर त्यांचा गहू पडावा. यातही वावगे काही नव्हते, जर गडी वेळेवर आला असता तर. रावसाहेबांची पूजा आटोपल्याशिवाय धान्य घराबाहेर पडत नसे. इंजिन वाट पाही. भोंग्याआधी ठेवलेले डबे तसेच राहत, आणि त्यातले शेवटचे संध्याकाळपर्यंत दळून होत नसत.

वस्तीतल्या बायकांमध्ये एक उंच, मोठ्या आवाजाची बाई होती. शेजारपाजारच्या घरांचीही ज्वारी तीच डोक्यावर आणी. पहिल्यांदा तिचा डबा तसाच परत घ्यायची वेळ आली तेव्हा ती आईला म्हणाली, “वैनी, रावसाहेबांचा गहू काशीला जाऊन येतो व्हय? दुपार होती की त्याला यायला.”

बाकीच्या हसल्या. आईसुद्धा हसली.

“उद्या सकाळी पहिला तुझा,” आई म्हणाली.

“उद्या सकाळचं उद्या. आज पोरास्नी काय, डबा वाजवून दाखवू?”

त्या रात्री जेवताना आईने वडिलांना सांगितले, “अहो, त्यांना नको म्हणा.”

“कुणाला?”

“रावसाहेबांना. माणूस आपल्या दळणाबद्दल काय हवं ते बोलू दे, जाड म्हणू दे, बारीक म्हणू दे, आपण ऐकून घेऊ. पण दुसऱ्याच्या दळणाबद्दल बोलायला लागला की त्याला परत पाठवावं.”

“त्यांनी दुसऱ्याच्या दळणाबद्दल काय म्हटलंय?”

“आधी आमचं, म्हणतात. म्हणजे दुसऱ्याचं नंतर. ते दुसऱ्याच्याच दळणाबद्दल झालं की.”

वडील म्हणाले, रावसाहेबांचे दळण आपल्याकडे येते म्हणून पेठेतली बाकीची घरे येतात. त्यांना दुखवले तर सगळी जातील. हे मी पुढे ताडून पाहिले. पेठेतली जी घरे आमच्याकडे येत होती ती जवळजवळ सगळी रावसाहेबांच्या आधीपासून येत होती, आणि ज्या दोन-तीन घरांना मी विचारले त्यांना रावसाहेब कुठे दळतात याची कल्पनाही नव्हती. हे मी वडिलांना कधी सांगितले नाही. सांगण्याची वेळ गेल्यावर मी विचारले होते.

तिसरी मागणी पुढच्या चातुर्मासात आली. रावसाहेब बाकावर बसून म्हणाले, “गिरणीवाले, या दगडांत कुणाकुणाची ज्वारी पडते ते आपल्यालाही ठाऊक आणि आम्हालाही. तुम्ही साफ करता, मान्य. पण दगड तो दगड. आमच्याकडे आता त्यावरून बोलणं होतं.”

“मग कसं करावं म्हणता?” वडिलांनी विचारले.

“वेगळी जोडी बसवा. चार सोवळ्याची घरं मी आणून देतो.”

हे संभाषण चालू असताना वस्तीतल्या दोन बायका तागडीपाशी उभ्या होत्या. आवाज हळू करावा असे रावसाहेबांना वाटले नाही.

वडिलांनी वेगळी जोडी बसवली. गाठीला होते ते त्यात गेले. दगड चांगले होते. रावसाहेबांनी नारळ आणला, स्वतःच्या हाताने फोडला आणि वडिलांना म्हणाले, “आता गिरणीला गिरणी म्हणता येईल.” चार सोवळ्याच्या घरांपैकी एक आले. त्या घराचे दळण सणासुदीपुरते असे. बाकी दिवस नवी जोडी इंजिनाचा पट्टा उतरवून, वर धुतलेले फडके टाकून ठेवलेली असे. दुसऱ्या कुणाचा दाणा तिच्यात जायचा नाही, हे ठरले होते.

जुनी जोडी रोज चालत होती. दगडांना ठरावीक काळाने टाकी लावावी लागते. पाथरवट छिन्नीने त्यांचे खाचे पुन्हा उकरतो. नाही तर दगड गुळगुळीत होतात, धान्य कापण्याऐवजी घासले जाते आणि पीठ गरम निघते. गव्हाचे पीठ गरम निघाले तरी चालून जाते. ज्वारीचे चालत नाही. तिची विरी जाते; थापताना भाकरी तुटते, कडा फाटतात, तव्यावर टाकायला उचलली की हातात दोन तुकडे येतात.

पाथरवट जवळच्या कुंभारी गावाहून येत असे. तो आला की नव्या जोडीला टाकी आधी, कारण रावसाहेबांना पीठ रवाळ लागले म्हणून ते बोलले होते. दोन्ही जोड्यांची टाकी एकदम करण्याइतके वडिलांकडे उरले नव्हते. जुनी जोडी पुढच्या खेपेला, असे ते म्हणत. पुढच्या खेपेलाही तेच झाले.

उंच बाईने एकदा डब्यात हात घालून पीठ चिमटीत धरले. “मालक, पीठ लई गरम निघाया लागलंय. विरी न्हाय ऱ्हात.”

“ज्वारी जुनी असेल,” वडील म्हणाले.

“ज्वारी गावाकडनं वानवळा आलेली हाय, ह्या सालची. दगडास्नी टाकी लावा की.”

“लावायची आहे.”

“लावा मंग. सासू म्हनती, तुला भाकरी येत न्हाय. आता ह्या वयात शिकू व्हय मी?”

ती हे हसत म्हणाली. तक्रार म्हणून ती एवढीच. रावसाहेब ज्या दिवशी येत त्या दिवशी पीठ, पाळी, पट्ट्याचा आवाज, बाकावरची धूळ, प्रत्येकाविषयी काही ना काही सांगत आणि त्यांनी सांगितलेले त्याच दिवशी होत असे. वस्तीतल्या बायका एकदा सांगत. मग त्यांच्यातली एकेक यायची थांबे. ती का थांबली हे विचारायला तिच्या घरी जाण्याची आमच्याकडे रीत नव्हती.

शेवटचा प्रसंग गौरीच्या आदल्या दिवसाचा. त्या सकाळी जुन्या जोडीचा खालचा दगड तडकला. वडिलांनी पट्टा उतरवला. तागडीपाशी वस्तीतल्या उरलेल्या सगळ्या बायकांचे डबे होते आणि बायकाही होत्या. सणामुळे त्यांनी दळण थांबून नेण्यासाठी सकाळची रजा काढली होती. नवी जोडी शेजारी उभी होती, फडक्याखाली. रावसाहेबांचे दळण आदल्या दिवशीच होऊन गेले होते. ते स्वतः मात्र बाकावर होते, सणाच्या करंज्यांना रवा कसा निघाला ते सांगायला आले होते.

आई म्हणाली, “पट्टा तिकडे चढवा.”

वडील हात पुसत बाकाकडे गेले. “रावसाहेब, आजचा दिवस अडचण आहे. या बायकांचं दळण नव्या जोडीवर काढलं तर? नंतर पाथरवटाला बोलावून संबंध टाकी लावून घेतो. वरचा थर निघूनच जाईल.”

रावसाहेबांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. “तुमची गिरणी आहे. मी कोण सांगणार? मात्र मग आमचं दळण तिथं पडणार नाही, एवढं आत्ताच सांगून ठेवतो.”

वडील उभे राहिले. उंच बाईने आधी त्यांच्याकडे पाहिले, मग रावसाहेबांकडे.

“मालक कोन हाय हितं?” तिने विचारले.

वडिलांनी तिच्याकडे पाहिले नाही.

“बरं. तुमी इचारत बसा त्यास्नी. आमी तवर दुसरं जातं बघतो.” तिने वाकून आपला डबा उचलला, डोक्यावरची चुंबळ नीट केली. मागे वळून आईला म्हणाली, “येते, वैनी.”

बाकीच्यांनी आपापले डबे उचलले. भांडण झाले नाही. एका म्हातारीचा डबा आईने दोन्ही हातांनी धरून ठेवला आणि वडिलांकडे पाहिले. म्हातारी म्हणाली, “सोड बाई, पोरी म्होरं गेल्या.” आईने सोडला.

रावसाहेब थोड्या वेळाने उठले. जाताना म्हणाले, “गर्दी कमी झाली हे एका परीनं बरंच.”

वडिलांनी जुना दगड बदलला नाही. बदलण्यासाठी जे लागते ते आता येणार नव्हते. पेठेतली बाकीची घरेही त्याच दगडावर दळत, तीही एकेक करून दुसरीकडे गेली. विजेची गिरणी याच्यानंतर सुरू झाली, पेठेच्या दुसऱ्या टोकाला. ती सुरू झाल्यावर लौकरच रावसाहेबांचा गडी सकाळी रिकाम्या हाताने, रावसाहेबांच्या बायकोचा निरोप घेऊन आला.

“माईंनी सांगितलंय, आता दळण इकडं न्हाय यायचं. विजेच्या गिरणीत पीठ गार निघतं म्हन्त्यात.”

“तिथं सोवळ्याची वेगळी जोडी आहे का?” वडिलांनी विचारले.

“मला काय ठावं? मी डबा ठेवतो न् येतो.”

वडील त्याच दिवशी रावसाहेबांच्या घरी गेले. मी बरोबर होतो. रावसाहेबांनी ओसरीवर बसवले, पाणी दिले. वडिलांनी तोच प्रश्न विचारला.

“अहो, ती वीज आहे,” रावसाहेब म्हणाले. “विजेला कुठलं आलंय सोवळं-ओवळं? ते तुमच्या तेलाच्या इंजिनाला.” मग त्यांनी मला साप्ताहिकात काय काम असते ते विचारले.

घरी आल्यावर आईने काही विचारले नाही. वडील आपण होऊन म्हणाले, “मी आजपर्यंत एकही गिऱ्हाईक परत पाठवलेलं नाही.” पुढेही ते हे वाक्य पुष्कळांना सांगत. ते शब्दशः खरे होते.

मी विजेच्या गिरणीत नंतर जाऊन आलो. दगडांची एकच जोडी होती. भिंतीवर पाटी होती, दळण नंबराप्रमाणे होईल. मालक मुसलमान होता आणि कामात होता. रावसाहेब काही वेगळे सांगतात का, असे मी त्याला विचारले.

“कौन रावसाहेब?” तो म्हणाला. मी गड्याचे वर्णन केले. “वो? डबा रखता, नंबर लेता, चला जाता. कुछ नहीं बोलता.”

मी उभा होतो तेवढ्यात रावसाहेबांच्या घरचा गहू दगडावर पडला. त्याच्या आधी त्याच दगडावर ज्वारी होती. मधे दगड साफ केलेले मी पाहिले नाही. ज्वारी कुणाची ते मला ओळखता आले नाही. डबा रॉकेलचा होता.

आमचे इंजिन पुढच्या उन्हाळ्यात सांगोल्याकडच्या एका बागाईतदाराने विहिरीवर बसवण्यासाठी नेले. नवी जोडी विकत घ्यायला कुणी आले नाही. इंजिन गाडीवर चढवले तेव्हा आई आणि मी होतो. वडील त्या दिवशी मिलमध्ये होते. त्यांना पूर्वीच्याच खात्यात, पूर्वीपेक्षा खालच्या जागेवर, घेतले होते.