पडद्यावरचं हृदय बघायला मुंबईला

वर्गात स्मार्ट बोर्ड कसा वापरावा असं तुमच्यापैकी अनेक शिक्षिका मला विचारतात, म्हणून एकदाची ही मुंबईची सफर लिहून काढते. काळ संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचा. मी जयगडजवळच्या एका शाळेत नुकती लागले होते. गावात वीज आली होती आणि आमच्या शाळा कमिटीच्या डोक्यात प्रोजेक्टर शिरला होता. गिरगावातल्या एका शाळेत म्हणे सिनेमा दाखवून शास्त्र शिकवतात. अध्यक्षांचं गणित सरळ होतं: पडदाच शिकवणार असेल, तर शास्त्राच्या देवस्थळी मास्तरांना पुढच्या जूनपासून कायम करायची गरज काय? मशीन आणि मास्तर, दोन्ही शाळेला झेपणार नव्हतं. त्या गिरगावच्या शाळेत माझी मावसबहीण शालू शिकवायची, त्यामुळे बघून येऊन सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं. खरं सांगायचं तर मी मशीनच्या बाजूने होते. मास्तर चांगले, पण शिकवणं एकसुरी, असं माझं मत होतं.

तेव्हा आम्ही कोकणातले लोक बोटीने जायचो. शेजारच्या कुटुंबाच्या सोबतीने मी निघाले. किनाऱ्यावरून पडावाने बोटीपर्यंत जायचं आणि वर चढताना लुगडं सांभाळायचं की ट्रंक, हे ज्याचं त्याने ठरवायचं. पहिला सल्ला तिथे मिळाला तो देते: इंजिनाजवळ बसू नका, वरच्या डेकवर चटई टाका आणि लिंबू जवळ ठेवा. आता ती बोट नाही, पण लिंबू घाटातल्या एसटीतही उपयोगी पडतं. सकाळी भाऊच्या धक्क्याला लागलो. रे रोडच्या लाकडाच्या वखारींचा वास नाकात घेत व्हिक्टोरिया घोडागाडीने फणसवाडीत मावशीकडे पोचले. वाटेत एक भिंत अशी नव्हती जिच्यावर ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र’ लिहिलेलं नव्हतं.

शुक्रवारी शालूच्या सातवीच्या वर्गात मागच्या बाकावर बसले. काळे पडदे ओढले, मशीन घरघरलं आणि पडद्यावर एक भलंमोठं हृदय धडधडू लागलं. मी अक्षरशः तोंडावर हात ठेवला. त्याहून मोठा धक्का पुढे होता. फिल्ममधला साहेब इंग्रजीत बोलू लागला आणि अख्खा वर्ग त्याच्याबरोबर बोलू लागला, त्याच चालीत, त्याच वेगात. तेव्हा इंग्रजी आठवीपासून असे. सातवीतली मुलं साहेबासारखं इंग्रजी बोलतात! मी मनातल्या मनात कमिटीला सांगून टाकलं, घ्या मशीन.

मग कुठेतरी वायर सुटली आणि आवाज गेला. चित्र चालू राहिलं. मुलंही चालू राहिली. साहेब नाही, आवाज नाही, तरी पन्नासएक मुलं एका सुरात पुढे चाललेली. एका ठिकाणी रीळ तुटून चिकटवलेलं होतं. तिथे मुलं एका शब्दाच्या अर्ध्यावर थांबली आणि भलत्याच वाक्याच्या मधूनच पुन्हा सुरू झाली. माझ्या अंगावर काटा आला. शाळेकडे फिल्म एकच होती आणि दर शुक्रवारी तीच लागायची, हे मला नंतर कळलं.

शेजारी एक चुणचुणीत मुलगी बसली होती. तिला हळूच विचारलं, “बाळ, हृदय कुठे असतं गं?”

तिने क्षणाचाही विचार केला नाही. पडद्याकडे बोट दाखवून म्हणाली, “ते काय, तिकडे.”

संध्याकाळी मावशीने केलेली थालीपीठं खाताना मी शालूला याबद्दल विचारलं. शालू मान खाली घालून म्हणाली की आईबापांना पोरं इंग्रजी बोलतात याचाच कोण आनंद, आणि हेडमास्तरांना आईबापांच्या आनंदाचा. मग म्हणाली, “उद्या माझ्याबरोबर लालबागला चल. तेच मशीन शनिवारी तिथे उसनं जातं.”

शनिवारी टॅक्सीत मशीन मांडीवर घेऊन निघालो. भायखळ्याच्या पुढे मोर्चा आडवा आला. एका स्वयंसेवकाने खिडकीतून खोका पाहून विचारलं काय आहे. शाळेचं, म्हटल्यावर त्याने स्वतः गर्दी बाजूला सारून वाट करून दिली. लालबागची शाळा म्हणजे चाळीच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या, मुलं सगळी गिरणी कामगारांची. तिथल्या राणेबाईंनी आधी मशीनला हातच लावला नाही. मुलांना चाळीचा जिना दोनदा चढायला-उतरायला लावलं. धापा टाकत आलेल्या मुलांना एकमेकांच्या छातीला कान लावून ऐकायला सांगितलं. मग फिल्म लावली, आवाज बंद करून. त्या बोलल्याच नाहीत फारशा, मुलंच ओरडून सांगत होती काय दिसतं ते.

तो चिकटवलेला जोड आला तशी बाईंनी मशीन थांबवलं.

“हंय रीळ तुटलां,” त्या म्हणाल्या. “मधे रगात खंय गेलां?”

वर्गात भांडण जुंपलं. कोणी पोटात म्हणे, कोणी डोक्यात. शेवटी एक मुलगी, अजून घामाघूम, उठून उभी राहिली. “बाई, जिनो चढल्यावर दम लागता ना? म्हणजे रगात वारो आणूक गेलां.”

तुटलेल्या तुकड्यात फुफ्फुसंच होती. मी थक्क झाले. मशीन तेच, रीळ तेच, तुटलेलंही तेच. नंतर राणेबाईंनी आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याची आमटी वाढली. लालबागला कोणा मालवणी माणसाने घरी बोलावलं तर नाही म्हणू नका.

परतीच्या बोटीत मी माझं मत बदललं. मशीन चालवणारा माणूस नसेल तर मशीन नको, मास्तर ठेवा. कमिटीपुढे सगळं सांगितलं आणि शेवटी त्या गिरगावच्या मुलीचं उत्तर सांगितलं. वाटलं, आता सगळे हादरतील. अध्यक्ष मात्र मान डोलावून म्हणाले, “मग बरोबरच सांगितलं की पोरीने. तिथेच तर दाखवलं होतं.” बाकीचे हसले आणि मशीन मंजूर झालं.

मास्तरांची नोकरी गेली. निरोप घ्यायला ते माझ्या बिऱ्हाडी आले तेव्हा मला त्यांच्याकडे बघवेना. वाटलं होतं, कमिटीला चार शिव्या घालतील, मला दोन बोल लावतील. त्यांनी चहाही घेतला नाही. विचारलं ते राणेबाईंच्या वर्गाबद्दल. मुलांनी नेमका काय वाद घातला, फिल्म आधी की जिना आधी, हे खोदून खोदून विचारलं. मी सांगत गेले. ज्यांना मी एकसुरी म्हणत होते ते मास्तर शाळेत बसल्यासारखे पुढे झुकून ऐकत होते.

उठताना म्हणाले, “मशीन आता तुमच्याच हाती देतील. आवाज बंद ठेवा, बाई. आणि आपल्या शाळेला जिना नाही, तर पोरांना बंदरापर्यंत पळवून आणा.”

ते पायरी उतरेपर्यंत मी स्वतःला कसंबसं सावरून धरलं आणि मग दारातच रडले.