वायर कुणी धरायची
जळफळाटापायी मी एकदा विमानाच्या इंजिनाची वायर उघड्या हातानं धरली होती, म्हणून पेट्रोलचा वास आला की माझा उजवा हात अजून पदराआड लपतो. सत्तर सालाच्या आसपास उधन्याला राहत होतो तेव्हा आमचे हे मिलमधून आले की मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःचं विमान बांधत बसायचे. इंजिन काही केल्या पेटेना. पंखा हे फिरवणार, आणि पकडीत धरलेल्या वायरीतून ठिणगी पडते का ते बघायला शेजारच्या मास्तरीणबेन! वर यांचं कौतुक, "बेन, तुमची नजर काय तेज!" माझ्या नजरेनं काय घोडं मारलं होतं? मी चहाचे कप आदळले, बेनच्या हातातली पक्कड ढकलली, वायर मुठीत धरली आणि म्हटलं, "फिरवा!" पुढच्या क्षणी मी किंचाळत भुशाच्या पोत्यावर. लग्नानंतर इतक्या प्रेमानं यांनी माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. म्हणाले, "अगं, वीज तर झकास येतेय, म्हणजे प्लगच खराब! आता ती दुसरी वायर धर बघू."