कापसाच्या बर्फातले जवान

कारगिलची लढाई संपली त्या वर्षी राळेगावात आमच्या दुर्गा मंडळानं तिचाच देखावा करायचं ठरवलं. मी पेंटर. एरवी भिंतींवर बियाण्यांच्या जाहिरातींतली टपोरी बोंडं रंगवायचो. शेतातली बोंडं अळी खायची, माझी तेवढी शाबूत राहायची. त्या हंगामात जाहिराती आटल्या होत्या, म्हणून लगेच होकार दिला.

बर्फाची चिंता नव्हती. गेल्या हंगामाचा कवडी कापूस, म्हणजे अळीनं खाल्लेला पिवळट माल, कोणी घेईना म्हणून घरोघरी पडून होता. त्याचा डोंगर रचला, वर चुना भुरभुरला. मग प्लायवूडचे जवान कापले, बाजारातून मिलिटरी छापाची पॅन्ट आणून समोर टांगली आणि बघून बघून तसेच हिरवे-तपकिरी डाग मारले. काय उठून दिसत होते गडी! मी स्वतःवर बेहद्द खूश होतो.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी शेजारची काकू बघायला आली. तिचा मुलगा खरोखरच तिकडं बर्फात होता आणि बरेच दिवस त्याचा फोन नव्हता. वाटलं, कौतुक करेल. तिचा चेहराच पडला.

"असे हिरवे कायले उभे केले? दुरूनच दिसून राह्यले सारे."

बर्फात पांढरे कपडे घालतात, असं मुलानं तिला सांगितलं होतं. अहो काकू, प्लायवूड आहे हे, असं मी समजावलं. पण ती खालचा कापूस उचलून जवानांवर टाकायला लागली. पांढऱ्या रंगाचा डबा उघडला. बंदुकांसकट सगळे पांढरे केले, वर कापूस चिकटवला. यातला एक तुमचाच, असंही तिला सांगून टाकलं.

मंडळाची पोरं माझ्यावर जाम भडकली. लोक यायचे, जवान कुठं आहेत विचारायचे आणि नुसता कापूस पाहून भजी खायला निघून जायचे. देखाव्याचं बक्षीस अर्थातच पलीकडच्या गल्लीत गेलं.

अष्टमीला काकू पुन्हा आली. फोन अजून आला नव्हता. बराच वेळ डोंगर न्याहाळूनही तिला एकही जवान सापडेना, तेव्हा तिनं हळूच विचारलं, "माह्यावाला कोनता?"

मला ठाऊक होतं. वरच्या कड्यापाशी, उजवीकडचा. मी बोट उचललं.

तिनं पटकन माझा हात धरून खाली दाबला.

"नोको दाखवू, बापू," ती म्हणाली. "राहू दे तसाच."