एका नावाचे दोन उमेदवार

“नागेश मोरे यांचा अर्ज सकाळीच दाखल झालाय,” टेबलामागचा क्लार्क म्हणाला आणि त्यानं रजिस्टर माझ्याकडे वळवलं.

माझ्या हातातल्या फाइलवर नाव होतं नागेश मोरे. माझ्या शेजारी, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून उभा होता तोही नागेश मोरे. दुपारचे अडीच वाजले होते. विधानसभेसाठी अर्ज भरायचा तो शेवटचा दिवस होता आणि तीन वाजता दार बंद होणार होतं.

मी विचारलं, “सकाळी इथे येऊन गेलास का?”

“नाही अक्का. सकाळी मी लाइनवर होतो.”

लाइन म्हणजे त्याची रोजची फेरी. नागेश गॅस सिलिंडर पोचवायचा. जुन्या हुबळीतल्या बोळांपासून देशपांडे नगरातल्या लिफ्ट नसलेल्या इमारतींपर्यंत, खांद्यावर सिलिंडर घेऊन, अठरा वर्षं.

मी रजिस्टर वाचलं. सकाळचा अर्ज एका मोठ्या पक्षाच्या उमेदवाराचा होता. त्यांना सगळं गाव ‘सावकार’ म्हणतं. आमच्याकडे सावकार म्हणजे व्याजानं पैसे देणाराच असं नाही. पैसेवाल्या माणसाला आदरानं म्हणायचा शब्द आहे. सावकारांचं पाळण्यातलं नाव नागेश आहे, हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. तिकीट त्यांना आदल्या दिवशी मिळालं होतं. पेपरातही ‘मोरे सावकार’ एवढंच छापून आलेलं.

वेळ थोडा होता. मी अर्ज दिला, पोच घेतली. बाहेर आले तेव्हा डोक्यात काहीच नीट बसत नव्हतं.

मी धारवाडच्या कोर्टात पस्तीस वर्षं वकिली केली. माझं ऑफिस मळमड्डीत, घराच्या पुढच्या खोलीत. निवडणुकीच्या दिवसांत उमेदवारांचे कागद करून देणं हे माझ्या कामाचाच एक भाग होता. अर्ज चारच पानांचा असतो, पण त्याला जोडायचं प्रतिज्ञापत्र मोठं असतं. अंगावर खटले किती, मालमत्ता काय, शिक्षण किती, हे शपथेवर लिहून द्यायचं. एक रकाना जरी कोरा सोडला तरी अर्ज जाऊ शकतो. नागेशच्या प्रतिज्ञापत्रात मी ‘लागू नाही’ इतक्या वेळा लिहिलं की शेवटी हात दुखायला लागला. त्याच्या नावावर एक जुनी मोपेड होती आणि बाकी काही नव्हतं.

त्याला माझ्याकडे आणलं होतं सिद्दूअण्णानं. या माणसाचा फ्लेक्स छापायचा धंदा. पण लोक त्याच्याकडे जायचे ते ऑफिसांतली कामं करून घ्यायला. माझी फी त्यानंच दिली होती. “आपला गरीब माणूस आहे मॅडम, उभा राहतोय तर मदत करू,” एवढंच तो बोलला होता. मीही खोलात शिरले नव्हते. निवडणुकीत अशी मदत करणारे पुष्कळ असतात, आणि माझ्या टेबलावर त्या आठवड्यात सहा फायली होत्या.

एक गोष्ट मात्र मला तेव्हाच खटकायला हवी होती. अपक्ष उमेदवाराला आयोगाच्या यादीतून तीन चिन्हं पसंतीनं लिहावी लागतात. यादीत गॅस सिलिंडर होता. नागेशचं बोट बरोबर त्यावर गेलं. सिद्दूअण्णानं ते बोट हळूच खाली सरकवलं आणि दुसरं चिन्ह सुचवलं. ते कोणतं, हे इथे सांगत नाही. दुरून पाहिलं तर ते सावकारांच्या पक्षाच्या चिन्हासारखं दिसायचं, एवढं पुरे. मी ते लिहिलं. आणि पहिल्या अर्जात लिहिलेली पसंती नंतर बदलता येत नाही.

बाहेर गेटपाशी सिद्दूअण्णा उभा होता. मी त्याला विचारलं की दुसऱ्या नागेश मोरेंचं तुला माहीत होतं का. तो म्हणाला, योगायोग. मग त्यानं नागेशच्या पाठीवर थाप मारली आणि “आयतु, काम झालं” म्हणून निघून गेला. कुणाचं काम झालं, ते मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी छाननी होती. छाननीत निवडणूक अधिकारी एकेक अर्ज सगळ्यांसमोर तपासतात आणि कुणाला हरकत घ्यायची असेल तर ऐकतात. अधिकाऱ्यांनी नाव पुकारलं, “नागेश मोरे,” आणि दोन वकील एकदम उठले. एक मी. दुसरे इनामदार, सावकारांचे वकील. आम्ही दोघांनी एकमेकांना “तुम्ही आधी” म्हटलं. अधिकाऱ्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

इनामदारांची हरकत अशी, की हा डमी उमेदवार आहे. मतदारांचा गोंधळ उडावा म्हणून मुद्दाम याच नावाचा माणूस शोधून उभा केलाय. मी नागेशचा शाळा सोडल्याचा दाखला पुढे केला आणि म्हटलं, आईबापानं ठेवलेलं नाव वापरायला कायद्यात बंदी नाही. अधिकाऱ्यांनी अर्ज वैध ठरवला. मी जिंकले होते. पण खाली बसताना मला जाणवलं की इनामदार म्हणाले त्यातला शब्दन् शब्द खरा असावा.

आता माझ्या अशिलाला हे ठाऊक होतं की नाही, याचा मला उलगडा होईना. माहीत असेल तर तो चांगला नट होता. आणि माहीत नसेल, तर मी काय करत होते?

उमेदवारी मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी सकाळी तो एकटाच मळमड्डीला आला. पहिल्यांदाच सिद्दूअण्णाशिवाय. मोपेड दाराशी लावली आणि खुर्चीत न बसता उभाच राहिला. मी चहा सांगितला. बस म्हटलं.

आदल्या दिवशी त्याच्याकडे दोन्हीकडची माणसं येऊन गेली होती. सिद्दूअण्णानं बजावलं होतं की आता प्रचार करायचा नाही, पत्रक छापायचं नाही, कुणाच्या दारात जायचं नाही. यंत्रावर नाव येईल तेवढं पुरे. दुपारी सावकारांची माणसं आली. त्यांनी अर्ज मागे घ्यायला सांगितलं. बदल्यात बायकोला शाळेत शिपायाची नोकरी.

“एक म्हणतो, उभा राहा पण बोलू नको. दुसरा म्हणतो, खाली बस आणि काय पाहिजे ते बोल,” नागेश म्हणाला. “अक्का, खरं सांगा. मी उमेदवार हाय का नुसतं नाव हाय?”

मी त्याला विचारलं, तू उभा कशासाठी राहिलास? हा प्रश्न मी त्याला आधी कधी विचारलाच नव्हता.

त्यानं सांगितलं ते असं. दोन वर्षांपूर्वी त्याच्या कामावरच्या जोडीदाराचा पाय जिन्यावरून घसरला. सिलिंडर मांडीवर पडला. पाय गेला. एजन्सी म्हणाली, हा आमचा नोकर नाही, फेरीवर पैसे घेणारा माणूस आहे. विमा नाही, भरपाई नाही. नागेश कामगार खात्यात गेला. तिथल्या साहेबांनी नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं की तुमच्यासारख्यांसाठी नियम पुरेसा स्पष्ट नाही, तो करायचा तर विधानसौधात, म्हणजे विधानसभेत, करावा लागतो.

“मग मी म्हणलं, तिथं जायचं कसं? तर साहेब हसले. म्हणाले, निवडून जायचं.”

साहेबांनी ते गमतीनं म्हटलं होतं. यानं ते पत्ता सांगितल्यासारखं लक्षात ठेवलं. वर्षभर तो ज्याला-त्याला विचारत राहिला की निवडणुकीला उभं कसं राहतात. फिरत फिरत ती चौकशी सिद्दूअण्णाच्या कानावर गेली, आणि त्यानं नाव विचारलं. दहा सूचक, म्हणजे अपक्षाच्या अर्जावर सही करणारे मतदार, नागेशनं स्वतः जमवले होते. दहाही जण सिलिंडर पोचवणारे. मला ते कागदावर नुसते मतदारयादीतले दहा अनुक्रमांक वाटले होते.

मी त्याला सगळं सांगितलं. त्याचं नाव कशासाठी वापरलं जातंय, चिन्ह का बदललं, प्रचार का नको, सगळं. सिद्दूअण्णा कुणाच्या सांगण्यावरून करतोय, ते मला नक्की माहीत नाही, हेही सांगितलं. माझी फी त्यानं दिली आहे हे त्याला माहीत होतंच. मी म्हटलं, फी कुणीही देवो, वकील सही करणाऱ्याचा असतो. आणि मी हे तुला पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं.

त्यानं चहाचा कप बाजूला सरकवला. मला वाटलं, आता माघारीचा फॉर्म मागेल. मी तो खणातून काढूनही ठेवला होता.

“माघार घेतली तर त्यांचं खरं,” तो म्हणाला. “नाही घेतली तर ह्यांचं. माझं कुठं हाय ह्यात?”

मला त्याक्षणी कायदा आठवला असं म्हटलं तर छान वाटेल, पण तसं झालं नाही. त्याला बसवून ठेवून मी कपाटातलं नियमांचं पुस्तक काढलं आणि अर्धा तास पानं उलटली. शेवटी सापडलं. दोन उमेदवारांचं नाव एकच असेल तर यादीत आणि मतपत्रिकेवर त्यांच्या नावापुढे व्यवसाय किंवा राहायचं ठिकाण लावून त्यांच्यात फरक दाखवायचा असतो. साधा नियम. काय लावायचं ते अधिकारी ठरवतात. उमेदवारानं स्वतः लेखी मागितलं तर काम सोपं होतं.

मी त्याला ते इंग्रजीतून वाचून दाखवलं. मग कन्नडमध्ये समजावलं, कारण कायद्याचं मराठी आम्हा दोघांनाही परकंच होतं. तो म्हणाला, “मग लावा. सिलिंडर पोचवणारा.”

“सिद्दूअण्णा चिडेल. तुझ्या एजन्सीच्या मालकाशी त्याचं बसणं-उठणं आहे.”

“माहीत हाय.”

“काम जाईल.”

“लावा अक्का.”

दोन वाजता आम्ही अर्ज दिला. इनामदार तिथेच होते, माघारीची वाट बघत. त्यांनी माझा कागद दोनदा वाचला आणि मला बाजूला घेऊन विचारलं की यात डाव काय आहे. मी म्हटलं, डाव नाही. त्यांचा विश्वास बसला नाही. मला वाटतं, अजूनही बसलेला नाही. अधिकाऱ्यांना मात्र हायसं वाटलं. त्यांची कटकट मिटली होती. तीनला यादी लागली. एक नागेश मोरे नुसते. दुसऱ्या नागेश मोरेच्या नावापुढे कन्नडमध्ये लिहिलेलं, गॅस सिलिंडर पोचवणारा.

चिन्ह मात्र सिद्दूअण्णानं निवडलेलंच मिळालं.

सिद्दूअण्णाचा फोन संध्याकाळी आला. आवाज न चढवता तो एवढंच म्हणाला की मॅडम, तुम्ही कुणाच्या वकील होतात? मी सांगितलं. त्यानं फोन ठेवला आणि माझ्याकडे पुन्हा कधी काम पाठवलं नाही. चार दिवसांत नागेशची लाइन काढून घेतली गेली. उरलेले दिवस तो त्या दहा सूचकांबरोबर घरोघर फिरला. त्या घरांचे जिने त्यांना पाठ होते. पत्रकावर जोडीदाराचा फोटो होता, कुबडी घेतलेला.

निकालाच्या दिवशी मी टीव्हीसमोर बसले. सावकार पडले. थोड्या मतांनी पडले. आणि नागेशला मिळालेली मतं त्या फरकापेक्षा जास्त निघाली.

पहिला फोन इनामदारांचा. “शेवटी घेतलीतच आमची मतं.” दुसरा नागेशचा. त्याची अनामत गेली होती, पण आवाजात फुशारकी नव्हती, रडही नव्हती. तो म्हणाला, “ती माझी मतं हायत ना अक्का?”

मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर मला माहीत नव्हतं. नावापुढचं वाचून किती जणांनी बटण दाबलं, चिन्ह दुरून बघून किती जणांनी, आणि वरच्या मजल्यावर सिलिंडर चढवणाऱ्याला ओळखून किती जणांनी? यंत्र आकडा सांगतं, कारण सांगत नाही. मी बूथवार आकडे घेऊन बसले. जुन्या हुबळीतल्या त्याच्या बोळांत मतं बरी होती. पण जिथे तो कधी गेला नाही अशा दोन ठिकाणीही बरी होती. यातून काय ते ठरवता येईना. मी कागद बंद केले.

लाइन त्याला परत मिळाली नाही. काही महिने तो मार्केट यार्डात हमाली करत होता. मग दुसऱ्या एका एजन्सीनं घेतलं. त्यानंतर एकदा तो सिलिंडर पोचवणाऱ्यांची संघटना नोंदवायला माझ्याकडे आला. ती नोंदली गेली. जोडीदाराच्या भरपाईचा दावा कोर्टात आहे. तारखा पडतात.

मी आता काम कमी केलंय. पण कुणी उमेदवार घेऊन आलं, तर आणणाऱ्याला बाहेर व्हरांड्यात बसवते आणि आत एकट्या उमेदवाराला विचारते, तुम्ही कशासाठी उभे राहताय? दहा मिनिटं लागतात. निम्मे जण उत्तर द्यायच्या आधी दाराकडे बघतात.