रघु शेलारचं कांचनजंगा

बुवापाड्यातल्या रघु शेलारनं आजवर रायगड उभा केलाय, केदारनाथ उभं केलंय, एका वर्षी तर अख्खा चंद्र. स्वतः मात्र तो मलंगगडाच्या निम्म्या पायऱ्यांवरून गुडघ्यांना शिव्या घालत परत आलेला माणूस. अकरा महिने उल्हासनगर कॅम्प एकमध्ये सोफ्यांना कापड चढवायचं आणि गणपतीच्या आधीचा महिना मंडळाच्या देखाव्याला द्यायचा, हा त्याचा तीस वर्षांचा नेम. थर्माकोलवर बंदी आली तेव्हा बाकीचे मंडपवाले डोक्याला हात लावून बसले. रघुनं सोफ्यांचं जुनं गोणपाट कागदाच्या लगद्यात बुडवून बांबूंवर अंथरलं आणि असा डोंगर केला, की लोक बोटानं टोचून बघायचे.

यंदा डोंगर कुठला, हा प्रश्नच नव्हता. त्याची मुलगी माधवी उत्तराखंडात गिर्यारोहण शिकवते. मे महिन्यात ती भारत आणि नेपाळच्या सीमेवरचं कांचनजंगा चढून आली. साडेआठ हजार मीटरच्या वरचं काम! खाली उतरल्यावर तिनं फोन केला.

"बाबा, शेवटची सहा पावलं सोडली आम्ही. तिथले लोक त्या शिखराला देव मानतात. टोकावर कुणी पाय ठेवत नाही."

रघु "बरं बरं" म्हणाला. मनात म्हणाला, पोरगी दमली असणार आणि देवाच्या नावावर ढकलतेय. त्याला तिची दया आली आणि खरं सांगायचं तर थोडी लाजही वाटली. ती लाजच नडली.

दुसऱ्या दिवशी दुकानात सिंधी सेठनं विचारलं, "रघु साईं, बेटी ऊपर तक पहुंची ना?"

"एकदम ऊपर, सेठ! झंडा गाड के आई!"

संध्याकाळी रघु घरी पोचला, त्याच्या आधी ही बातमी बुवापाड्यात पोचली होती. बायको बकुळा एवढंच म्हणाली, "अहो, पोरगी गणपतीला यायचीय. तिला काय तोंड दाखवणार?" पण मंडळाचा अध्यक्ष संतोष आता कुणाच्या बापाचं ऐकणार नव्हता. त्यानं फ्लेक्स लावला, 'कांचनजंगाच्या टोकावर बुवापाड्याची वाघीण'. रघुनंही मग मागे वळून पाहिलं नाही. आठ फुटी डोंगर झाला, मधून सीमेची लाल रेघ गेली, इकडे भारत, तिकडे नेपाळ. वीतभर उंचीची, लाल जॅकेटातली, हातात तिरंगा घेतलेली माधवीही घडवून झाली. फक्त ती टोकावर चिकटवायची राहिली होती. रोज सकाळी रघु म्हणे, आज नको, उद्या. असं करता करता चतुर्थीचा आदला दिवस उजाडला.

दुपारी माधवी पाठीवरची सॅक न उतरवताच मंडपात आली. तिनं आधी फ्लेक्स वाचला, मग डोंगर पाहिला आणि मग बापाकडे. रघु लगेच लगद्याच्या बादलीत काहीतरी शोधायला लागला.

"रघुकाका, तुमचं उद्या उद्या लय झालं," संतोष म्हणाला. त्यानं बाहुली उचलली, बुडाला गोंद फासला आणि टोकापर्यंत हात पुरावा म्हणून समोरच्या रिकाम्या चौरंगावर चढला.

रघु ओरडला, "ए, उतर! आधी खाली उतर! बाप्पा बसायचाय तिथं!"

"चपला काढल्यात ना, काका. आणि बाप्पा उद्या येणार."

"उद्या येऊ दे, नाहीतर परवा! जागा त्याचीच हाय. तुझा हात पुरतो म्हणून तू पाय देणार व्हय?"

संतोष निमूट उतरला.

"बाबा," माधवी हळूच म्हणाली, "तिथंही हेच आहे."

रघुनं तिच्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच नीट पाहिलं म्हणा ना. मग ओल्या फडक्यानं चौरंग पुसला, बाहुली घेतली, शिडी लावली आणि टोकाखाली सहा बोटं सोडून ती बसवली. संतोष कुरकुरला, "फ्लेक्सचं काय करायचं मग?" रघु म्हणाला, "त्याचं मी बघतो."

दुसऱ्या दिवशी पहिल्या आरतीला अख्खा पाडा जमला. रघुनं माईक हातात घेतला. तीस वर्षांत तो माईकवर कधी बोलला नव्हता. आधी त्यानं उगाच दोनदा फुंकर मारून पाहिली.

"माझी पोरगी टोकावर गेली, असं मी सांगत फिरलो. ते खोटं हाय. सहा पावलं राहिली होती. अंगात ताकद होती, अडवायला कुणी नव्हतं. तरी ती थांबली." त्यानं माईक तोंडाच्या आणखी जवळ धरला. "तिनं हे मला फोनवर सांगितलं होतं. आन मी, तिचा बाप, मला वाटलं, पोरगी दमली."

माधवी पुढच्याच रांगेत होती. तिनं पुढं होऊन बापाच्या हातातला माईक काढून संतोषकडे दिला आणि त्या रिकाम्या झालेल्या हातात आपला हात ठेवला.