सम्राटांच्या स्वागताची पाटी

गाढवपणा कोण करत नाही हो? पण मी केला तो सरकारी रंगानं, भल्यामोठ्या पाटीवर, आणि खाली सही ठोकून!

मी वनरक्षक. माझं बीट, म्हणजे गस्तीचा भाग, भद्रावतीच्या पलीकडं, गाव जंगलाला चिकटलेलं. चार महिने दर रविवारी एसटीनं चंद्रपूरला जात होतो, लेखनाच्या वर्गाला. दुसऱ्याच रविवारी डोक्यात हवा गेली. आपल्या खात्यातले लोक काय लिहितात! 'ठसे दिसले. पंचनामा केला.' हे काय लिहिणं झालं? कोंबडी पायानं उकरते ते बरं! मी तर पाणी प्यायलो तरी डायरीत 'जलप्राशन' लिहू लागलो होतो.

वर्ग संपत आला तेव्हा सरांनी काम दिलं, "लेखक म्हणून इथं तुमची काय वाढ झाली, ते लिहून आणा. सोबत एक नमुना जोडा."

त्याच आठवड्यात गावच्या तलावावर वाघाचे ताजे ठसे दिसले. दिवस मोहाचे. बाया पहाटेच टोपल्या घेऊन फुलं वेचायला निघतात. साहेबांचा फोन आला, "आजच पाटी लाव."

दुसऱ्या कुणी सरळ 'वाघ आहे' असं खरडलं असतं. छ्या! मला तर नमुनाच हवा होता. दुपारभर बसून रंगवलं:

'वनीचे अनभिषिक्त सम्राट सध्या आपल्या तलावकाठी मुक्कामी असून पहाटे दर्शन देण्याचा संभव आहे. ग्रामस्थांनी त्यांचा यथोचित मान राखावा.'

मान राखावा म्हणजे लांब राहावं! एवढंही कळू नये लोकांना?

दुसऱ्या दिवशी पहाटे फेरीला गेलो, तर तलावावर अख्खं गाव! आंब्याच्या पानांचं तोरण, सतरंजी, ढोल. पुढं सरपंच शेवंताबाई, हातात आरतीचं ताट.

"बाई, इथी काय करून राह्यले तुम्ही?"

"तुमच्या साहेबाची वाट पाहून राह्यलो, गार्डभाऊ. सम्राट साहेब नागपूरचे हायेत का?"

"कोण साहेब?"

"तुम्हीच त लिवलं, मुक्कामी हायेत म्हणून! पण रेस्ट हाऊस सोडून तलावावर काऊन थांबले?"

मागून एक म्हातारा कागद हलवत ओरडला, "रस्त्याचा अर्ज आणला म्या. त्याइच्या हातातच देतो!"

मी समजावू लागलो, "अहो, सम्राट म्हणजे... वनराज... म्हणजे आपले ते..." चार महिन्यांत शब्द इतके साठले होते की नेमका तेवढाच सापडेना!

तेवढ्यात पलीकडच्या काठावर माकडं खेकसली. गवत हललं आणि तो बाहेर आला. आरामात पाणी प्यायला. मग मान वर करून आमच्या तोरणाकडं बघत राहिला. ढोलवाल्याच्या हातातली काडी गळून पडली.

"पळू नका! पाठ दाखवू नका! हळूहळू मागं सरका!" हे मात्र मला साध्या मराठीत जमलं.

सगळे सुखरूप गावात आले. दोघी बायांच्या कडेवर लेकरं होती हो. साऱ्या गावाला मी वाघापुढं नेऊन उभं केलं होतं, तेही अलंकारांसकट!

शेवंताबाईंनी ताट ओट्यावर आदळलं.

"वाघाले वाघ म्हटलं असतं, त तुमची जीभ झडली असती का?"

मी रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन पाटीपाशी गेलो. त्यांनी माझ्या हातातला ब्रश हिसकावला, पाटी उलटी केली अन् मागच्या बाजूला लिहिलं: 'वाघ आहे. तलावावर जाऊ नका.'

रविवारी वर्गात नमुना म्हणून मी त्याच पाटीचा फोटो दिला. सरांनी दोनदा वाचलं. "वा! एक शब्द जास्तीचा नाही. याला म्हणतात वाढ!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी बेशरमपणे नम्र चेहरा करून उभा राहिलो.

तर वर्गात पहिला आलो मी, अन् लिहिलं चौथी शिकलेल्या शेवंताबाईंनी. माझं योगदान एवढंच, की त्या लिहीपर्यंत रंगाचा डबा मी धरला होता.

तोही वाकडा धरला, असं बाईंचं म्हणणं आहे.